गाव पुरे झालं म्हणे!

एक मजकूर सध्या इकडे हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुमारवयाच्या पुस्तकांत गाव पुष्कळ येऊन गेलं, आता पुरे. गावची पोरंसुद्धा मोबाईलवर शहरच बघतात. आणि बोली, जात, दुसरी भाषा असलं काही गोष्टीत आणलं की मुलांचं मराठी बिघडतं. बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींनी तो जरा जास्तच हौसेने पुढे पाठवलाय, म्हणून उत्तर इथूनच.

गाव येऊन गेलं, कबूल. पण कुठलं? मे महिन्यात शहरातला मुलगा आजोळी येतो, विहिरीत पोहतो, आंबे पाडतो आणि जूनला परत जातो, ते. तो गेल्यावर मागे राहिलेला त्याच्याच वयाचा पोरगा काय करतो, ते त्या पुस्तकांत नसतं. चिकोडी-रायबागकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, तेव्हा कोपीत, म्हणजे त्यांच्या पालाच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थांबलेल्या मुलीची शाळा सुटलेली असते. निपाणीत आई विड्या वळते आणि लेक शेजारी पानं कातरते. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या, तेव्हा कितीतरी मुलांची दप्तरं पाण्यात गेली. १९८१ला याच निपाणीत शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे तंबाखूचे शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. तिथे बापाला भाकरी पोचवायला गेलेल्या पोराची कादंबरी मुलांच्या कपाटात मला तरी अजून दिसलेली नाही.

मोबाईलचं काय एवढं? मुंबईची मुलं कोरियन मालिका बघतात, म्हणून मुंबईच्या गोष्टी कुणी बंद केल्या नाहीत. आणि गावही जागच्या जागी बसलेलं नाही. २०२३पासून कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी बस फुकट झाली. तालुक्याच्या कॉलेजला निघालेल्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट, आणि भरलेली बस थांब्यावर न थांबताच पुढे गेली तर तीही एक गोष्टच.

जात वगैरे विषय मुलांना जड जातात, असंही त्यात आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली देवदासी म्हणून सोडायला कर्नाटकात १९८२च्या कायद्याने बंदी आली. सोडल्या जात त्यातल्या कितीतरी याच वयाच्या, काही त्याहून लहान. ज्या वयात ते भोगावं लागलं, त्या वयात ते वाचायला जड?

राहिली भाषा. खरी मेख इथे आहे. आमचा मुलगा घरी ‘काय करूलालास?’ म्हणतो, मराठी शाळेत कर्नाटक सरकारचं पुस्तक वाचतो, कन्नडचा पेपर देतो, बाजारात कन्नड आणि उर्दू दोन्ही निभावतो. पुस्तकातली पोरं मात्र सगळी सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलतात. बिघडलेलं ते नव्हे काय? कानडी मित्र गोष्टीत आला की सीमालढ्याची बाजू लंगडी पडेल, ही भीती मजकुरात उघड लिहिलेली नाही, पण सूर तोच. अहो, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला जाणारा बाप आणि कानडी दोस्ताच्या सायकलवर डबलसीट शाळेला जाणारा मुलगा इथे एकाच घरात जेवतात!

वाचकच नाहीत म्हणणाऱ्यांनी कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं बघावीत. सकाळच्या ग्रंथदिंडीत पुढे लेझीम खेळणारी ही पोरंच असतात. दुपारी तीच पुस्तकांच्या स्टॉलवर येतात, आणि त्यांच्या हातात स्पर्धा परीक्षेचं गाईड दिलं जातं.