गाडी ऑइल खाते म्हणून लगेच हाफ इंजिन? जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, जुन्या बोलेरो-सुमोवाल्यांच्या ग्रुपवर तर रोजच येतो. म्हणे जुनी डिझेल गाडी ऑइल खायला लागली की रिंगा (पिस्टनभोवतीची कडी, ती ऑइल वर जाऊ देत नाहीत) गेल्या समजायचं, तपासण्यात पैसे घालवायचे नाहीत, तोवर 20डब्ल्यू50 म्हणजे जाड ऑइल भरायचं, रॉकेलने इंजिन आतून धुवायचं (फ्लश मारायचं), आणि शेवटी हाफ इंजिन, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम करून गाडी दिवसभर आयडलवर, म्हणजे जागेवर नुसती चालू ठेवायची. एकेक मुद्दा बघू.

"ऑइल कमी होतंय म्हणजे रिंगा." अहो, आधी ते जळतंय की गळतंय हे तरी बघा! डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचंच ऑइल जातं, तिथलं सील गेलं की ऑइल थेट अल्टरनेटरमध्ये, धूर नाही की काही नाही, आणि मालक रिंगांचा भाव विचारत फिरतोय. क्रँकचं मागचं सील, ऑइल कूलर (रेडिएटरमध्ये तवंग दिसतो), टॅपेट कव्हर, हे सगळं टॉर्च मारून नीट बघितलं की दिसतं. आणि मोजमाप नीट करा, सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, दर वेळी तसंच. मापापेक्षा जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) जातं, तेव्हा ऑइल किती कमी झालं तो आकडा खरा नसतो.

"गाडी उतारावर सोडल्यावर निळा धूर म्हणजे वॉल्व सील." हे ज्ञान पेट्रोलवरून उचललंय. पेट्रोलला थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या पाइपात) जोरदार व्हॅक्यूम होतो, तो वॉल्वच्या गाइडमधून ऑइल ओढतो. जुन्या डिझेलला (न्यूमॅटिक गव्हर्नरवाली, म्हणजे हवेच्या वाटेत झडप असलेली अगदी जुनी सोडा) हवेच्या वाटेत थ्रॉटलच नाही, तर एवढा व्हॅक्यूम येणार कुठून? वॉल्व सील जातात, नाही असं नाही, पण त्याचा धूर जास्त करून रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की दिसतो. आणि थंडीत सकाळी निघणारा पांढरा धूर म्हणजे बहुतेक न जळलेलं डिझेल, नोझल किंवा हीटर (ग्लो प्लग) बघा, त्याचा ऑइलशी संबंध नाही.

"टेस्टची गरज नाही." इथेच लोक पैसे घालवतात. गरम इंजिनची ऑइल कॅप काढून बघा, थोडी वाफ येणारच, पण भसाभस धूर फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलेंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतोय. त्याआधी ब्रीदर साफ करा, कारण तो चोक असला तरी असंच दिसतं आणि ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. मग कॉम्प्रेशन गेज, पण डिझेलचा, चांगलं इंजिन साधारण 350 ते 450 पीएसआय दाखवतं, पेट्रोलचा गेज तिथे पुरत नाही. आकड्यापेक्षा चार सिलेंडरमधला फरक बघा.

टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पाइप काढाच. पातळ थर चालतो, ऑइल साचलेलं असेल तर टर्बोची रिटर्न लाइन (ऑइल परत इंजिनात नेणारी नळी) आणि एअर फिल्टर तपासा, रिटर्न चोक असताना नवा टर्बो बसवला तर तोही गळणारच. आणि हे टाळू नका, कारण टर्बोमधून ऑइल आत गेलं की इंजिन त्याच्यावरच पळायला लागू शकतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही. तेव्हा वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून बंद पाडायचं, नाहीतर हवेची वाट अडवायची, फक्त हात घालू नका.

"20डब्ल्यू50 भरा." दोन महिने जातील, मान्य. पण कार्बनने अडकलेल्या रिंगा त्याने सुटत नाहीत आणि थंडीत टर्बोला ऑइल उशिरा पोचतं. मॅन्युअलमध्ये 15डब्ल्यू40 असेल तर तेच. रॉकेलचं तर नावच काढू नका, बेअरिंगवरचा थर धुऊन निघतो, ऑइल खाणारी गाडी नंतर आवाजही करायला लागते.

"बोअर करावंच लागतं," म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठा करावाच लागतो असंही म्हणतात. लायनरवालं (सिलेंडरमध्ये बदलता येणारी नळी असलेलं) इंजिन असेल तर लायनर-पिस्टन किट येतं. बोअर झिजलाच नसेल, नुसता गुळगुळीत झाला असेल तर होनिंग (आतून बारीक घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात, पण लेथवाल्याकडून टेपर (वर-खालचा फरक) आणि ओव्हॅलिटी (गोलाई बिघडणं) मोजून घ्या, नखाने चाचपून नाही.

राहिलं आयडलवर ठेवणं. नव्या रिंगा लोडखालीच बसतात, आयडलवर बोअर परत गुळगुळीत होतो आणि गाडी नव्या किटवरही ऑइल खाते. तासभर नॉर्मल लोडवर फिरवा, घाटात रेटू नका, पहिलं ऑइल आणि फिल्टर 1000 किलोमीटरच्या आत बदला.