‘तेव्हा कायदाच नव्हता’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या कॉम्प्युटर गेम्सविषयी एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातले दावे असे: १९८०च्या दशकात गेम्सना कॉपीराइटच नव्हता, नाव आणि रंग बदलला की दुसऱ्याचा गेम खुशाल विकता यायचा, अशा नकला करायला डोकं लागत नव्हतं, आणि जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘द ग्रेट जियाना सिस्टर्स’ या गेमविरुद्धचा खटला जिंकला, तेव्हा कुठे हे थांबलं. नुसत्या तारखा चुकल्या असत्या तर सोडून दिलं असतं. पण यात रात्रंदिवस राबून स्वतःचा प्रोग्राम लिहिणारी माणसंही सरसकट चोर ठरतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेने १९८० सालीच कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम स्पष्टपणे घातला. आपल्याकडे १९८४च्या दुरुस्तीने प्रोग्रामला साहित्यकृतीत धरलं, ब्रिटनने १९८५मध्ये वेगळा कायदा केला. पडद्यावरची हलती चित्रं दृक्‌श्राव्य कृती म्हणून संरक्षित आहेत, हेही अमेरिकी न्यायालयांनी १९८२पर्यंत मान्य केलं होतं.

आता रंग बदलण्याचं. इथे ‘के. सी. मंचकिन’ या गेमचं प्रकरण नीट बघायला हवं, कारण त्यात नेमकं हेच झालं होतं. ‘पॅक-मॅन’ म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खायचा गेम. तो घरगुती मशीनवर आणायचे हक्क अटारी या अमेरिकी गेम कंपनीकडे होते. नॉर्थ अमेरिकन फिलिप्सला परवाना मिळाला नाही, तेव्हा त्यांच्या ओडिसी या घरगुती गेम मशीनसाठी एड अ‍ॅव्हरेट यांनी लिहीत आणलेल्या गेममध्ये आणखी बदल झाले आणि पिवळा नायक निळसर झाला. त्याला शिंगं होती. पॅक-मॅनमध्ये २४० ठिपके जागच्या जागी असतात. इथे फक्त १२, आणि तेही चक्रव्यूहात फिरणारे. म्हणजे अ‍ॅव्हरेट यांनी स्वतःची भर नक्कीच घातली होती. तरीही मार्च १९८२मध्ये अपील न्यायालयाने निकाल अटारीच्या बाजूने दिला आणि गेमची विक्री थांबली.

न्यायाधीशांनी चक्रव्यूह, ठिपके, गुण मोजायची पद्धत हे सगळं बाजूला ठेवलं. असल्या गेममध्ये ते येणारच, त्यावर कुणाची मालकी नाही. त्यांची नजर गेली पात्रांवर. पॅक-मॅनमध्ये भूत खाल्लं की त्याचे नुसते डोळे उरतात आणि ते घराकडे पळतात. मंचकिनमध्ये डोळे आणि पाय उरतात. बाकी भुतांची ठेवण, त्यांचं चालणं, तोंड उघडमिट करत पळणारा नायक, सगळं ओळखू येण्याइतकं तेच. शिकागोच्या एका दुकानदाराने तर पॅक-मॅनसारखाच गेम अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आणि तीही पुराव्यात आली. तेव्हा रंग बदलला की सुटका, असं तेव्हाही नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’सारखा दिसणारा ‘मिटिओर्स’ १९८१मध्ये अटारीने कोर्टात नेला. न्यायालयाने २२ साम्यं मोजली, ९ फरक मोजले, आणि तरीही अटारी हरली. अवकाशयानातून दगड फोडायचे म्हटल्यावर ती साम्यं अटळ आहेत, आणि नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते, असं न्यायालयाचं म्हणणं. माझ्या मते त्या दशकातली ही सर्वांत न्याय्य भूमिका होती. ती नसती तर पहिल्या गेमनंतर दुसरा गेमच निघाला नसता.

‘डोकं लागत नव्हतं’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. घरगुती कॉम्प्युटरसाठी तसाच गेम करणाऱ्याच्या हातात आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या, गेमचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सहसा नसायचाच. मशीनपाशी उभं राहायचं, नाणी टाकायची, बघायचं, आणि घरी येऊन सगळं असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या किचकट भाषेत, नव्याने लिहायचं. आर्केडच्या बोर्डावर त्या गेमसाठी मुद्दाम बसवलेले सर्किट असायचे. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमध्ये होती एकूण ६४ केबी मेमरी. ‘इंटरनॅशनल कराटे’ घ्या. आपल्या ‘कराटे चॅम्प’ची ही नक्कल आहे म्हणत डेटा ईस्ट कंपनीने ‘इंटरनॅशनल कराटे’च्या अमेरिकी विक्रेत्याला, एपिक्सला, कोर्टात खेचलं आणि खालच्या कोर्टात जिंकलंही. पण १९८८मध्ये अपिलात निकाल फिरला: रेफ्री, किक, उड्या ही साम्यं कराटेमुळे आणि कमोडोरच्या मर्यादांमुळे आलेली आहेत, साडेसतरा वर्षांच्या चौकस मुलाला दोन्ही गेम वेगळे ओळखू येतील. कमोडोरवर तो आर्चर मॅक्लीन यांनी लिहिला, संगीत रॉब हबर्ड यांचं. ते संगीत एकदा ऐका आणि मग सांगा डोकं लागलं की नाही.

राहिल्या जियाना बहिणी. १९८७चा, जर्मनीच्या रेनबो आर्ट्सचा गेम. पहिली लेव्हल निन्टेंडोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची जवळजवळ हुबेहूब उचललेली आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण निन्टेंडोने खटला भरलाच नव्हता, मग जिंकणार कुठून? कंपनीने दबाव आणला आणि गेम दुकानांतून काढून घेतला गेला. ना सुनावणी, ना निकाल, त्यामुळे पुढच्यांसाठी कायद्याचा दाखलाही नाही. आणि २००९मध्ये ‘जियाना सिस्टर्स डीएस’ अधिकृतपणे बाजारात आला, तोही खुद्द निन्टेंडोच्या मशीनवर.