नुसत्या हातांवर एनएचएल मिळत नाही

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग. तिचा ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम) जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोबत कुठल्या तरी अठरा वर्षांच्या पोराची छोटीशी चित्रफीत असते: दोघातिघांना चकवून मारलेला गोल. मजकूर दरवर्षी तोच. असे हात (स्टिकवरची चलाखी) असलेला मुलगा चमकणारच. ज्युनिअरचे, म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या लीगमधले, आकडे खोटं बोलत नाहीत. वरच्या दोन ओळींत (ओळ म्हणजे एकत्र उतरणारं आघाडीच्या खेळाडूंचं त्रिकूट) जागा नाही मिळाली तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत सहज खपेल. आणि वाया गेलाच, तर प्रशिक्षकाने वाया घालवला. यातलं एकही विधान आहे तसं टिकत नाही.

आधी हातांचं बघू. रॉब श्रेम्प स्टिकच्या पात्यावर पक (खेळातली रबरी चकती) उचलून असा खेळवायचा की बघत राहावं. 2005-06च्या हंगामात लंडन नाइट्सकडून (हे लंडन ऑन्टारिओतलं) त्याने 57 गोलांसह 145 पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) काढले. एनएचएलमध्ये त्याला मिळाले 114 सामने, बस्स. हात तिथेही तेच होते. तक्रार पहिल्यापासून पायांची, म्हणजे स्केटिंगची होती.

असं का होतं? ज्युनिअरमधला सतरा वर्षांचा बचावपटू पकवर झेपावतो आणि फसतो. एनएचएलमधला पककडे बघतच नाही. तो समोरच्याच्या छातीवर नजर ठेवतो, मधली वाट बंद करतो आणि त्याला बोर्डाकडे (रिंकच्या कडेच्या भिंतीकडे) रेटत नेतो. मग हातांना ना वेळ उरतो, ना गोलाकडे बघायला कोन. म्हणून मी गोलापेक्षा आधीचं आणि नंतरचं बघतो. पक मिळण्यापूर्वी पोरगा मान वळवून कोण कुठे आहे ते टिपतो का? मधून घुसतो, की कडेकडेनेच गोल फिरतो? पक गमावल्यावर लगेच उलटा वळतो, की हात पसरून पंचांकडे बघतो? एक पाळी (खेळाडू एकदा बर्फावर उतरून परत येईपर्यंतचा वेळ) साधारण पाऊण मिनिटाची असते, चित्रफितीत त्यातले चार सेकंद दिसतात.

पावेल दात्सुकचे हात श्रेम्पच्या तोडीचे होतेच, पण समोरच्याचा पक काढून घेण्यात त्याच्याइतका तरबेज क्वचितच कोणी झाला. सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी त्याने 2008 ते 2010 सलग तीन वर्षं घेतली. डेट्रॉइटने त्याला 1998 साली 171व्या क्रमांकावर निवडलं होतं.

आता आकडे. आकडे खोटं बोलत नाहीत हे मान्य, पण अर्धवट नक्की बोलतात. अलेक्झांडर देगलने 1992-93 मध्ये क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये 53 सामन्यांत 137 पॉइंट काढले आणि ओटावाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. एनएचएलमध्ये त्याचे 616 सामन्यांत 327 पॉइंट झाले. वाईट नाही, पण ज्याच्याभोवती संघ उभा करावा असा खेळाडू तो कधीच नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा होता ख्रिस प्रॉन्गर, चौथा पॉल कारिया. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

पॉइंट कुणाच्या संगतीत, कुठल्या वयात आणि कसे मिळाले हे न विचारता नुसती बेरीज फिरवण्यात अर्थ नाही. 2014-15 मध्ये ऑन्टारिओच्या लीगमध्ये सर्वाधिक 129 पॉइंट कुणाचे होते? डिलन स्ट्रोमचे. त्याच्याच संघात आज जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाणारा कॉनर मॅकडेव्हिड होता, तो दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहूनही 47 सामन्यांत 120वर पोचला. दोघांतला फरक नुसत्या बेरजेत शोधलात तर स्ट्रोम पुढे दिसेल! शिवाय ज्युनिअरमध्ये स्टार पोराला पॉवर प्लेवर (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) भरपूर वेळ मिळतो. वर गेल्यावर पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीतल्या पाच जागा मुरलेल्यांनी धरलेल्या असतात, त्यामुळे तिथून येणारे पॉइंट आटतात.

वयाचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकांना अर्शदीप बैन्सवरून चटकन कळेल. कॅनडातल्या सरे इथला हा पंजाबी कुटुंबातला मुलगा ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नाही. 2021-22 मध्ये पश्चिम कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये तो 112 पॉइंटांसह अव्वल आला, पण तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा होता आणि समोर सतरा-अठराची पोरं होती. व्हँकूव्हरने करार केला, एनएचएलमध्ये पदार्पण झालं फेब्रुवारी 2024 मध्ये. त्याचं श्रेय कमी होत नाही. फक्त तेच 112 पॉइंट सतराव्या वर्षी काढले असते तर त्यांचा अर्थ वेगळा झाला असता. उलट बाजूही आहे. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने ड्राफ्टमध्ये उशिरा निवडली जातात, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं.

‘खालच्या ओळीत खपेल’ हे वाक्य तर मला सगळ्यात भाबडं वाटतं. चौथी ओळ म्हणजे पहिल्या ओळीची स्वस्त आवृत्ती नव्हे. तिथे एक खेळाडू कमी असताना बचाव करणारा, फेसऑफ (पंचाने दोघांमध्ये टाकलेला पक) जिंकणारा, कोपऱ्यात धडक देऊन पक काढणारा माणूस लागतो. गी कार्बोनोचं उदाहरण कुणीतरी देईलच: ज्युनिअरच्या शेवटच्या हंगामात 182 पॉइंट, आणि माँट्रियलमध्ये तीन वेळा सेल्की. पण मधली दोन वर्षं तो खालच्या लीगमध्ये खेळला, आणि वर आल्यावर ओळखला गेला ते दुसऱ्याच कामासाठी. प्रत्येक स्टार पोराची ती तयारी असते का?

उरला प्रशिक्षक. यात तथ्य आहे, पण जेवढं सांगतात तेवढं नाही. 2012 साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या नेल याकुपोव्हला एडमंटनच्या चार हंगामांत प्रशिक्षक बदलत राहिलेले बघावे लागले. तरुण खेळाडूला हे मारकच. पण नंतर सेंट लुइस आणि कोलोरॅडोनेही त्याला घेऊन पाहिलं, आणि 350 सामन्यांवर त्याची एनएचएल संपली. त्याच गोंधळाच्या एडमंटनमध्ये 2014-15 मध्ये लिऑन ड्रायसायटलला 37 सामन्यांत 9 पॉइंट मिळाले आणि त्याला परत ज्युनिअरमध्ये पाठवलं. पुढे तो हंगामात पन्नास गोल करणारा झाला. जो थॉर्नटनच्या पहिल्या हंगामात तर 55 सामन्यांत फक्त 7 पॉइंट होते. निवृत्त झाला तेव्हा 1,539. आणि अॅरिझोनाने शिकागोला देऊन टाकलेल्या स्ट्रोमने 2024-25 मध्ये वॉशिंग्टनसाठी 82 पॉइंट काढले, ड्राफ्टनंतर दहाव्या हंगामात.