१५ मिलिमीटरची ऐट

गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या खात्यातून जातात. पण ती दिसावी कशी, हे चिरंजीव ठरवतात. कंपनीने दिलेली चाकं म्हणे मडगार्डच्या आत दडून बसतात. त्यांना बाहेर काढायला हब (चाक ज्याला जोडलेलं असतं तो फिरता भाग) आणि रिमच्या मधे ॲल्युमिनियमची चकती बसवायची, ती म्हणजे स्पेसर. एका बाजूला १५ मिलिमीटर, दोन्ही मिळून ३०. "बाबा, बघा कशी छाती काढून उभी राहते!" छाती काढून फिरण्याचं वय बाबांचं राहिलेलं नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पहिला हिसका बसला तो स्टिअरिंगला. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरचा मध्य किती लांब असावा हे कंपनीने बेताने ठरवलेलं असतं. टायर बाहेर सरकला की हे अंतर बदलतं आणि रस्त्याच्या हाती आयता दांडा येतो. एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हात झिडकारतं. ब्रेक दाबताना डावं चाक मातीत आणि उजवं डांबरावर असलं, तर गाडीला शिंगंच फुटतात. शिवाय दारांवर चिखलाची नक्षी उमटते ती वेगळीच.

वळणावर गाडी जास्त ठाम वाटते, हे मात्र खरं. दोन चाकांमधलं अंतर वाढल्याने बाहेरच्या चाकावर ढकलला जाणारा भार थोडा कमी होतो. हा मुद्दा मी जेवताना, झोपताना आणि दाढी करतानाही ऐकला आहे. त्याच वेळी, चाक बाहेर सरकून त्याचा दांडा लांबल्याने, स्प्रिंग चाकाच्या हिशेबाने किंचित मऊ पडते, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

मग घरघर सुरू झाली. वेग वाढला की आवाज वाढे. घरातल्या प्रत्येकाने निदान केलं: टायर, रस्ता, माझे कान. डावीकडे वळताना आवाज चढायचा, म्हणजे दुखणं उजव्या बेअरिंगचं, ज्या गोळ्यांच्या कड्यावर चाक फिरतं त्याचं. कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. मी काच खाली करून, मान तिरकी करून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा गाडी चालवू लागलो.

गॅरेजमध्ये फोरमनने जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं. टक. टक. "साहेब, बेअरिंगमध्ये प्ले आलाय, ढिलं झालंय."

"स्पेसरमुळे?"

"बेअरिंग म्हातारंच होतं. स्पेसरनं लवकर बोलावलं म्हणा."

चिरंजीवांनी पहिलं वाक्य ऐकलं, मी दुसरं. दोघेही जिंकून बाहेर पडलो.

हिशेब तसा फोरमनच्याच बाजूने आहे. चाकावर ४०० किलो भार धरला, तर १५ मिलिमीटरमुळे बेअरिंगवर पडणारा पीळ साधारण ६० न्यूटन-मीटर. जोरात वळताना रस्ता टायरला आडवं रेटतो, तो पीळ याच्या कित्येक पट. म्हणजे स्पेसर लावल्या लावल्या बेअरिंग मरत नाही. पण वळण संपतं, स्पेसरचा पीळ सरळ रस्त्यावरही सुटत नाही. आणि बॉल बेअरिंगचा स्वभाव मोठा हळवा: भार १० टक्क्यांनी वाढला की आयुष्य चक्क पाव हिश्शाने घटतं.

चिरंजीवांचा चेहरा पडला तो मात्र नट उघडल्यावर. स्टड, म्हणजे हबमधून बाहेर येणारे ज्यांवर नट आवळतात ते बोल्ट, जुनेच, त्यातले १५ मिलिमीटर चकतीने खाल्लेले. नट जेमतेम चार आट्यांवर लटकत होता. फोरमनने तो बोटांनी फिरवून काढला आणि काही न बोलता चिरंजीवांच्या तळहातावर ठेवला. बेअरिंग निदान ओरडून सांगतं. आटे काहीच सांगत नाहीत, थेट चाक सोडतात.

शेवटी तह झाला. पुढचे स्पेसर निघाले. मागे लांब स्टड घालून, हबवर नेमक्या बसणाऱ्या चकत्या राहिल्या, कारण गाडीकडे बघणारे म्हणे मागूनच बघतात. मी ज्या वेगाने चालवतो, त्यात मागचा फार वेळ मागे राहत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही.