साहेबाने विचारायचंच नाही

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चघळला जातोय. हिंजवडीत टीम सांभाळणाऱ्या एका मित्राच्या हाताखालच्या मुलाने रजेच्या मेलमध्ये सरळ लिहिलं, 'डिप्रेशनवर उपचार चालू आहेत, तीन आठवडे रजा हवी.' त्यावर सगळे तुटून पडले. 'आपल्या वेळी नव्हते असले चोचले.' 'लिहायचं कशाला? टायफॉइड लिहायचं, प्रश्न मिटला.' मी त्या मुलाची बाजू घेतली तर लगेच उत्तर आलं, 'तुला काय, तुमच्याकडे सगळं चालतं.'

हे मला झोंबलं, कारण मी राहते त्या नेदरलँड्समध्ये काही सगळं चालत नाही. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी दिली तरी थेरपीसाठी महिनोन्महिने नंबर लागत नाही. त्या मानाने ठाण्या-पुण्यात पैसे मोजून का होईना, लवकर कोणीतरी भेटतं. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभी आहे, आणि तिच्याबद्दल इथल्या लोकांना सांगताना मला अभिमान वाटतो. इथली माणसं मनाने मोठी आहेत असंही नाही. फरक आहे तो एका नियमाचा. तुम्ही आजारी पडलात तर काय झालंय हे साहेबाने विचारायचंच नाही. साधारण कधी परत याल, हातातलं कुठलं काम दुसऱ्याला द्यायचं, एवढंच विचारता येतं. आजाराचं नाव बेद्रैफ्सआर्ट्सपाशी, म्हणजे कंपनीने नेमलेल्या डॉक्टरपाशीच राहतं. तो कंपनीला फक्त कळवतो, की ही व्यक्ती किती तास आणि कशा प्रकारचं काम करू शकेल. दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार कंपनीलाच द्यावा लागतो.

आमच्या टीममधली एक बाई अशीच काही महिने नव्हती. आम्ही सगळ्यांनी सह्या करून कार्ड पाठवलं. मग ती मंगळवारी आणि गुरुवारी दोन-दोन तास यायला लागली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून फक्त जुन्या फायली तपासायची, मीटिंग एकही नाही. काही आठवड्यांनी तिचे तास वाढले. बर्नआउट होता हे पुढे तिनेच जेवताना सांगितलं, आणि तेही तिला सांगावंसं वाटलं म्हणून.

टायफॉइड लिहायला सांगणारे माझे मित्र दुष्ट नाहीत. क्लायंटच्या कानावर गेलं तर प्रोजेक्टवरून रिलीज, मग बेंचवर कामाविना बसणं, मग अप्रेझलमध्ये फटका, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरला गुप्ततेचं बंधन घातलं, विमा कंपन्यांनाही मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं. पण रजेचा मेल मॅनेजरकडे जातो, तिथून चहाच्या टपरीवर. म्हणून १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'मन मोकळं करा' अशी पोस्टर्स लावणाऱ्या कंपन्यांचा मला संताप येतो. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी धैर्य दाखवायचं आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजायची? कंपन्यांनी आधी रजेच्या फॉर्मवरचा कारणाचा रकाना काढावा. मॅनेजरला फक्त तारखा कळू द्याव्यात. वर तेच उद्योगपती आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास कामाच्या गोष्टी करतात आणि आमचा ग्रुप त्यांना टाळ्या देतो.

मी एवढ्या तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला रात्री छातीत धडधडायचं, पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. इथला नियम मलाही लागू होता, पण त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. परमिट नोकरीवर, नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने, आणि मुलीची शाळा नुकती सुरू झालेली. सोबतच्या डच लोकांना ही भीती नव्हती. ते कामावरून घरी राहिले तरी घर त्यांचंच होतं. मी शनिवारी दुपारी दार लावून ठाण्याच्या एका समुपदेशक ताईंशी व्हिडिओवर बोलायचे. 'सासूबाई काय म्हणतील' हे त्यांना समजावून सांगावं लागायचं नाही. बेद्रैफ्सआर्ट्सकडे मी गेले ते पर्मनंट रेसिडेन्सीचं कार्ड हातात आल्यावरच. ग्रुपवर मात्र हे मी आजवर लिहिलेलं नाही. त्यातल्या कुणी डोंबिवलीत आईला सांगितलं, तर ती मला परत ये म्हणेल, आणि तेव्हा तिला काय उत्तर द्यायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.