जास्वंदीवरची सही

श्रावणातली सकाळ. देवाला फुलं हवीत म्हणून जास्वंदीत हात घातला आणि तोंडभर जाळं घेऊन मागं आलो. टिळकवाडीतल्या माझ्याच परसात!

कुंपणापलीकडं शेजारचे मामा दात घासत होते. ओरडलो, "मामा, झाडावर कोळी बसलाय!"

"कोळी? यार्दु री?" म्हणत मामा चक्क डालगं घेऊन आले. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. जन्म बेळगावात गेला, पण ऐनवेळी आठवेल तर शपथ. मामांनी पानांत डोकावून कपाळाला हात लावला, "जेड ऐति री इदु!" जेड म्हणजे आपला कोळी.

पोटावर पिवळे पट्टे, डोकं खाली, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे ताणलेले. त्या फुलीखाली जाळ्यातच विणलेली पांढरी, नागमोडी फुली. पुतण्यानं फोटो बघून सांगितलं, हा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे सहीवाला कोळी. खरं तर कोळीण. नर तिच्यापुढं अगदीच किरकोळ. शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुजा, १८८७ साली एका स्वीडिश गृहस्थानं ठेवलेलं. बायकोनं दोन मिनिटांत तिची 'अनसूया' केली, आणि नाव ठेवलेल्या जिवाचं घर मोडायचं कसं?

विष माणसाला घातक नाही म्हणे. म्हणून काडीनं डिवचलं, तर तिनं जाळं असं गदागदा हलवलं की ती दिसेनाच. मी दोन पावलं मागं. रात्रीत जुनं रेशीम खाऊन सकाळी नवं जाळं तयार!

सही मात्र रोज वेगळी. कधी चार फराटे, कधी दोन, कधी कोरंच. माझ्या सहीचं एक शेपूट चुकलं तर बँकेनं चेक परत केला होता; हिला कोण विचारतो? सही कशासाठी, यावर जाणकारांत वाद आहे. कुणी म्हणतं, ती अतिनील प्रकाशात चमकते आणि किडे फसतात. कुणी म्हणतं, पाखरांनी जाळ्यात घुसू नये म्हणून ही पाटी. पाखरांना दिसते. मला दिसली नाही.

आता फुलं मामांच्या झाडाची. ती देताना ते रोज विचारायचे, "कोळी तत्ती इट्टैतेन री?" कोंबडीनं अंडं घातलं का?

काल पानाआड रेशमाची पिशवी दिसली. म्हटलं, "हौद्री मामा. पुतण्या म्हणतो, शेकडो असतील."

मामा डालगं उचलून घरात गेले.