मे महिन्यात घाटात जाणाऱ्यांना येडं म्हणू नका

दरवर्षी एप्रिल संपला की मी ग्रुपवर एकच मेसेज टाकतो, रविवारी गाड्या काढायच्या का. आणि दरवर्षी उत्तर ठरलेलं, अरे येडा झाला का, उन्हात करपून मरायचंय का, जुलैत जाऊ मस्त हिरवंगार. मग जुलै येतो, आख्खं पुणं ताम्हिणी घाटात उतरतं, आपणपण उतरतो, धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडून काही दिसत नाही, रेनकोटच्या बाहेर पाऊस आणि आत घाम, धबधब्याखाली कुणीतरी स्पीकर लावून नाचतंय, क्लच दाबून दाबून डावा हात गळून पडतो आणि घरी येऊन स्टेटसला काय तर मक्याच्या कणसाचा फोटो. याला म्हणे निसर्ग बघणं.

मला विचाराल तर सह्याद्री उन्हाळ्यातच बघावा. ज्यांना वाटतं उन्हाळ्यात तिकडे बघायला काही नसतं त्यांच्यासाठीच ही पोस्ट, मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर गेल्या रविवारी कसेबसे पाच जण तयार झाले, तीन गाड्या. पहाटे पाचला कात्रज. बायपासचा बोगदा सोडून मुद्दाम जुन्या घाटाने वर गेलो, आणि खोटं नाही सांगत, मे महिन्यात वर अंगावर काटा आला गार वाऱ्याने. खेड शिवापूर, मग कापूरहोळला उजवीकडे वळलं की हायवेची कटकट संपते. भोरला पोचलो तेव्हा हॉटेलवाला नुकती पहिली मिसळ उकळत होता.

खरं कारण वेगळंच होतं. भाटघर धरण. इंग्रजांच्या काळातलं, १९२८ चं, मागच्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. या पाण्यात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ आहे आणि ते वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की उन्हाळ्यात बाहेर येतं, तेपण थोडे दिवस. म्हणजे जुलैवाल्यांनी कितीही पेट्रोल जाळलं तरी त्यांना हे दिसणार नाही, विषय संपला.

गाड्या वर लावून खाली चालत गेलो. आधी सुकलेला गाळ, त्याला अशा भेगा की बूट अडकावा, चालताना खालून पापड मोडल्यासारखा आवाज. शिंपले सगळीकडे. देवळाच्या दगडावर वाळलेल्या चिखलाचा थर आणि आत गेल्यावर एकदम ओला गारवा, बाहेर ऊन चढत असताना. एक आजोबा नारळ घेऊन आले होते, टोपी, हातात काठी. मी विचारलं आजोबा किती दिवस राहतं हो हे असं. म्हणाले, "पाऊस लागला की देव पुन्यांदा पाण्यात. तवर येऊन जायाचं. आमच्या बापाची शेती हितंच व्हती, त्या तिकडं." आणि काठीने दाखवलं, जिथे दाखवलं तिथे नुसता गाळ. आमच्यातला जो सगळ्यात जास्त बडबड करतो तो पण गप्प झाला. आजोबांनी खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला, पाचही जणांना, आणि निघून गेले.

वर येताना हातपंपावर बायकांची हंड्यांची रांग होती. एवढं मोठं धरण समोर दिसतंय आणि प्यायला पाणी हातपंपाचं. हेही उन्हाळ्यातच दिसतं, पावसाळ्यात आपण भजी खात असतो.

तिथून परत भोर आणि मग वरंध घाटाचा रस्ता. इथे एक गोष्ट झाली, मॅप लावलेला फोन हँडलवर तापून तापून बंद पडला. फोन अती गरम आहे असं स्क्रीनवर आलं आणि गेला. मग काय, विचारत विचारत, "दादा महाडला हाच ना?" नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता, पाणी एवढं खाली गेलेलं की कडेला मातीचे पट्टे पायऱ्यांसारखे. आणि डोंगर बघा ना, गवत वाळलेलं किंवा वणव्यात जळून गेलेलं, त्यामुळे कातळाचे थर एकावर एक मोजता येतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकामागून एक वाहत आला त्याचे हे थर, शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं, पण हिरव्या चादरीखाली ते कधी नीट दिसतच नाहीत. वणवे मात्र वाईटच, त्याचं कौतुक नाही करत, काळा पडलेला उतार बघून पोटात तुटतं.

हिर्डोशीच्या अलीकडे दोन पोरं पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली, वीस रुपयाला एक. आम्ही सात द्रोण घेतले आणि तिथेच झाडाखाली, वय विसरून, कोंबडा की कोंबडी सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, करवंद चावायचं आणि आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. आमच्यात एक जण मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, तो सलग चार वेळा हरला आणि त्या पोरांवरच चिडला, तुम्ही कोंबड्याच विकता म्हणून. पोरं जाम हसली.

बारा ते चार गाडी चालवायची नाही हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. डांबर पाघळलेलं असतं, वळणावर त्याच्यावर सुटी खडी, डोळ्यावर झापड. रस्त्यातल्या एका गावात देवळाच्या फरशीवर हेल्मेट उशाला घेऊन आडवे झालो, पुजारीकाकांनी विचारून माठातलं पाणी दिलं. अशी झोप मला एसीत लागत नाही.

साडेचारला उठून घाटातल्या वाघजाईच्या देवळाला. तिथली भजी, चहा आणि माकडं, तिघांपासून सुटका नाही (मॅनेजरचा एक द्रोण गेला). बहुतेक लोक इथूनच फोटो काढून परत फिरतात. पण देवळाच्या वरच्या अंगाला कातळात ओळीने खोदलेली पाण्याची टाकी आहेत, कावळ्या किल्ल्याची. पावसात तिथे चढायचं म्हणजे शेवाळावरून घसरून थेट कोकणात. आत्ता कोरड्या दगडावरून आरामात गेलो. समोर कोकण, धूसर पण पूर्ण, खालचा रस्ता नागमोडी उतरत गेलेला शेवटपर्यंत दिसत होता. ज्याने एवढ्या उंचावर टाकी खोदली त्याला माहीत असणार मे महिना म्हणजे काय.

जाणाऱ्यांनी एवढं करा. निघायच्या आधी घाट चालू आहे का विचारून घ्या, दरडींमुळे नाहीतर कामामुळे बऱ्याचदा बंद असतो. माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएस. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका रे बाबांनो, गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापतात. आणि काळं जॅकेट घालून येऊ नका, आमचा एक आला होता, दुपारपर्यंत त्याचा वडापाव झाला.

रात्री नऊला घरी. शर्टावर करवंदाच्या चिकाचे डाग, ते आता जात नाहीत. उरलेला द्रोण आईसमोर ठेवला. तिने एक तोंडात टाकलं, चावून आत बघितलं, "कोंबडा" म्हणाली, आणि कच्ची निवडून लोणच्यासाठी बाजूला काढायला लागली.